बांगडा

केस होते तेव्हा पाठीवर काळपट पट्टे होते,
म्हणून हर्णै बंदरावर त्याचं नाव बांगडा.
आता पाठ उघडी, शेपटीची नुसती दोरी,
आणि रात्रभर माझ्या ओट्याला अंग घासणं,
नांगरलेली होडी होडीला घासते तसं.

दामू चोगले म्हणाला, इंजिनाचं जळकं तेल फास.
फासलं.
तीन दिवस तो अंग चाटत, ओकत राहिला.
मला बघून शेपूट मात्र हलवायचा.

दापोलीच्या डॉक्टरीणबाईंनी कोपराजवळ
पात्यानं खरवडून काचेवर घेतलं.
“खरूज. कातडीत बिळं करून राहतात हे किडे.
गोचिड्या वेगळ्याच. खारी मासळी बंद करा.
आणि तेल कुणी लावलं?”
मी भिंतीवरच्या जर्सी गाईकडे बघत राहिलो.

गोळी वजनावर.
लिलाव उठल्यावर त्याला काट्यावर उभा केला :
नऊ किलो चारशे.
“कितीला सोडतोस?” रेश्मा बुरोंडकर हसली.
दुसऱ्या दिवसापासून तिच्या घरून
बिनमिठाचा भात येऊ लागला, ताटलीवर ताटली झाकून.

माझ्याही मनगटाला खाज होती, ते कुणाला सांगितलं नाही.

दीड महिन्यानं पाठीवर लव आली,
उलटा हात फिरवला की टोचते.
पट्टे अजून नाहीत.

डिझेलचा डबा उचलला की
तो अजूनही पळतो, थेट सुकत टाकलेल्या जाळ्यांपलीकडे.
मी डबा खाली ठेवतो.
तो परत येतो,
अर्ध्या वाटेपर्यंत.