पंख नेहमीएवढाच

अर्धापूरहून संतुक केळी आणतो,
काळी पडलेली, गिऱ्हाईक नको म्हणतं ती.
मी ती मक्याच्या पिठात, गुळात शिजवते,
बाटल्यांत ओतते, तोंडाला कापूस लावते.
बाहेर नांदेड चव्वेचाळीस अंशांवर,
पेटीत माझ्या फळमाश्या पंचविसावर निवांत.
लाइट गेली की मी आधी त्यांच्याकडे धावते.
"माणसापरीस ह्यांचंच बरंय," संतुक म्हणतो.

आज त्याला अळीच्या अंगातली चकती दाखवली,
मोहरीहून बारीक. हिचा पंख व्हायचाय अजून.
"किती वाढायचं, हे कोण सांगतं हिला?"
कोणीच नाही, म्हटलं. मुकादम नसतो इथं.
मधल्या पट्टीतून एक निरोप सुटतो,
जवळ दाट, लांब जाता विरळ,
फोडणीच्या वासासारखा.
बाकीचं शेजारीच शेजाऱ्याला कळवतो:
खांद्याला खांदा लागला, आता पुरे.
एखादीला ते ऐकूच येत नाही.
ती वाढत राहते, वाढतच राहते,
चकतीला घड्यांवर घड्या पडतात
आणि तो पंख कधी उघडत नाही.

तो डोळा लावून बसला.
"अन् हे हिरवे ठिपके? विझत चाललेले?"
त्या हळू वाढणाऱ्या पेशी.
सगळ्याच तशा असत्या
तर त्यांचाही पंख पुरा झाला असता,
दोन दिवस उशिरानं, इतकंच.
पण भरभर वाढणाऱ्यांच्या शेजारात पडल्या
की शेजार त्यांना मोजतो,
मग त्या आपल्याआपणच मिटतात.
आजार कसलाच नसतो त्यांना.

बोलून गेले, आणि मग आठवलं
लातूर.
दर सोमवारी भिंतीवर लागणारी यादी,
एका खोलीत चौघं, पत्र्याखाली,
रात्री दोनला आलेला त्याचा फोन:
"ताई, मी घरी येऊ का?"
मी काय म्हणाले होते तेव्हा?
परीक्षेला किती दिवस राहिले, ते विचारलं होतं.

संतुकनं डोळा काढला नाही.
"मग त्यांची जागा?"
बाकीच्या भरून काढतात.
"अन् पंख?"
नेहमीएवढाच. मोजून बघ,
कुठं भोक नाही, खूण नाही.

"हं," म्हणाला.
रिकामं कॅरेट उचललं, दारात थांबला.
"उद्या पावडर न लावलेली आणतो केळी.
आढीतली."