दोन क्रेडिट

पोर्टल बारा वाजता बंद होणार होतं
आणि नेट आलं पावणेबाराला.
योगाच्या साठ जागा भरलेल्या,
व्यक्तिमत्त्व विकासाच्या ऐंशीही,
आर्थिक साक्षरतेसमोर लाल फुली.
मुक्त वैकल्पिकच्या रकान्यात उरली एकच ओळ:
उर्दू लिपी परिचय, क्रेडिट दोन.
मी टिचकी मारली,
एस.टी.च्या खिडकीतून सीटवर पिशवी टाकावी तशी,
शेजारी कोण बसलंय ते न बघता.

मी मायक्रोबायोलॉजीची.
माझं जग पेट्री डिशएवढं गोल, वर झाकण.
पप्पा म्हणाले, ह्याचा फायदा काय?
शिवकन्या म्हणाली, मार्क सढळ देतात म्हणे.
एचओडी सर म्हणाले, नियम आहे,
एक विषय परक्या फॅकल्टीचा,
विद्यार्थी चौफेर व्हावा म्हणून.
चौफेर म्हणताना त्यांनी घड्याळ पाहिलं.

तहसीन मॅडम तासिका तत्त्वावर.
मानधन दिवाळीनंतर, हे त्यांनी तीन दिवाळ्या ऐकलंय.
वर्ग मागच्या खोलीत, गॅदरिंगचे ढोल ठेवतात तिथं.
आम्ही अकरा जण आणि सहा ढोल.
पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर एक उभी रेघ ओढली.
हा अलिफ. आज एवढंच.

नंतर कळलं, इथं अक्षरं
शेजारी बघून आकार बदलतात.
सुरुवातीला एक, मधे दुसरा, शेवटी ऐसपैस.
आणि काही आहेत, दाल, रे, वाव,
मागच्याचा हात धरतात, पुढच्याला देत नाहीत.
त्यांना हट्टी म्हणा हवं तर, मॅडम म्हणाल्या,
पण त्यांच्यावाचून शब्दाला श्वास घ्यायला जागा नाही.
मी हे जर्नलच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं,
ग्रॅम स्टेनिंगच्या आकृतीखाली.
उजवीकडून डावीकडं जाताना ओली शाई पुसायची.
करंगळीखाली निळा डाग घेऊन मी मेसमध्ये जेवायचे.

शनिवारी जिंतूरच्या गाडीला वेळ होता.
स्टँडबाहेर पंक्चरच्या दुकानात बाकडं आहे,
तिथं बसून गिरवत होते.
बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला विश्वंभर आबा,
दुकान नातवाचं, बसणं त्यांचं.
वय विचारलं की सांगतात,
पोलीस ॲक्शन झाली तवा मी तिसरीत.

काय लिहू लालीस गं?
वही घेतली, हातभर लांब धरली.
रे ची शेपटी वर चालली तुझी. खाली सोड तिला.

मी बघतच राहिले.

आम्हाला सक्ती होती, म्हणाले.
मौलवीसाब भला माणूस, छडीसुद्धा हळूच मारायचे.
मी नापास झालो.
पुढं राज्य गेलं, विषय गेला,
नापास तेवढा मव्हा ऱ्हायला.
तुला काहून घ्यावं लागलं?

सक्तीचं आहे आबा. म्हणजे, मुक्त.

सक्तीचं मुक्त!
एवढे हसले की नातवानं पंप थांबवला.

मग ट्यूबवर भोकाची खूण करायचा खडू उचलला
आणि मांडीवरच्या काळ्या रबरावर
उजवीकडून लिहायला लागले.
वाव. शीन. पुन्हा वाव. मीम.
हात थरथरत होता, वळणं नाही.
मग खडू थांबला.
भ आठवंना.

बे काढा, मी म्हणाले, आणि तिला दोन डोळ्यांची हे जोडा.
गुरुवारीच झालं आमचं.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही.
बे काढली. दोन डोळे काढले.
टिंब विसरले होते, ते मी करंगळीनं दाखवलं.
शेवटी रे,
शेपटी खाली सोडलेली.

गाडीचा हॉर्न वाजला.
नातवानं ट्यूब घेतली, बघितलीही नाही,
टायरमध्ये कोंबली, हवा भरली,
मोटारसायकलवाल्यानं चाळीस रुपये दिले
आणि तो पाथरीच्या रस्त्याला लागला.

पोर्टलवर माझ्या नावापुढं अजून
'मूल्यांकन प्रलंबित' दिसतंय.