निळ्या पॉन्टियाकचे दिवे

अठ्ठ्याहत्तरच्या फेब्रुवारीतला तो कार्यक्रम
कंपनीनं एकदाचा बाहेर काढला.
तीन तबकड्या, जाड पुठ्ठ्याची पेटी, एक पुस्तिका,
आणि पुस्तिकेत आमच्या गावाचं नाव चुकलेलं.
कोलेटनं तेवढ्यावरूनच पत्र लिहायला घेतलं.

आर्नेच्या तळघरात आम्ही पाच जण.
बाहेर सडबरी, उणे अठ्ठावीस,
इंजिनं गोठू नयेत म्हणून
गाड्यांची नाकं वायरीनं भिंतीला बांधलेली.

आर्नेचं म्हणणं, ड्रम फार पुढे आलेत.
रेजां म्हणाला, पुढे नाही आले,
आपल्या कॅसेटमध्ये तो बिचारा गोधडीखाली वाजवत होता.

कॅसेट म्हणजे आर्नेच्या थोरल्या बहिणीनं
कोटात रेकॉर्डर लपवून नेला होता त्याची,
नकलेची नक्कल.
सेहेचाळीस वर्षं आम्ही तिच्यावर काढली.
बहिणीचा खोकला कुठे येतो तेसुद्धा पाठ.
बहीण आता नाही.
नव्या पेटीत खोकलाही नाही.
आर्ने त्याबद्दल बोलला नाही,
ड्रमबद्दल बोलत राहिला.

त्या कॅसेटमध्ये पाचव्या गाण्यानंतर बाजू पालटायची.
तिथे खरखर, मग काहीच नाही,
आणि एकदम ते अकरा मिनिटांचं गाणं, मधूनच,
दार उघडावं आणि पंगत अर्ध्यावर आलेली दिसावी तसं.

त्याची सुरुवात आमच्यात फक्त ओरेस्टनं ऐकलेली.
आर्ने नऊ वर्षांचा, घरी झोपलेला.
रेजांला गोवर. कोलेट मॉन्ट्रियलला.
मी तर जन्मायचीच होते.
ओरेस्ट अठराचा, तिसऱ्या रांगेत.

म्हणून तो सांगायचा आणि आम्ही ऐकायचो:
गिटारवाला गुडघ्यावर बसला,
पहिल्याच फटक्याला तार तुटली,
ती त्यानं दातानं ओढून फेकली
आणि उरलेल्या पाचांवर अख्खं गाणं तोलून धरलं.
दर हिवाळ्यात त्यात काहीतरी भर पडायची.
एका वर्षी रक्त आलं.

दुसरी तबकडी. पाचवं गाणं संपलं.
टाळ्या, शिट्ट्या,
आणि जिथे आमची खरखर असायची तिथे
स्वच्छ, कानाशी बसून बोलल्यासारखा,
एक कंटाळलेला आवाज:
निळी पॉन्टियाक कुणाची आहे?
दिवे चालू राहिलेत.
बॅटरी मरायच्या आत पळा.

सगळं सभागृह हसलं.
मग अगदी जवळून, युक्रेनियनमध्ये,
एक कोवळी, सणसणीत शिवी.
खुर्च्या सरकल्या.
सॉरी, सॉरी, सॉरी,
लांब लांब जात.

ती पॉन्टियाक आम्हाला ठाऊक होती.
ओरेस्टच्या फ्रिजवर तिचा फोटो आहे,
बॉनेटला टेकून त्याचे वडील,
गाडी मुलाला द्यायला मुळीच तयार नसलेले.

गिटार सुरू झाली.
सहाही तारांवर.

कोलेटनं पुस्तिकेत तोंड घातलं.
रेजांनं, ज्याला गप्प बसणं जमत नाही,
बाटलीवरचं लेबल खरवडायला घेतलं.
आर्ने उठला. मला वाटलं, बंद करतोय.
त्यानं आवाज वाढवला.

चौसष्ट वर्षांचा ओरेस्ट
कानामागे हात धरून,
ओठ किंचित उघडे ठेवून,
ते गाणं पहिल्यापासून ऐकत होता.
पहिल्यांदाच.
सुरुवात इतकी हळू असेल असं
आमच्यापैकी कुणालाच वाटलं नव्हतं.
कुणीतरी परक्या घरात दिवा शोधत चाचपडावं,
तशी.

संपल्यावर सुई कडेला घासत राहिली.
कुणी काही विचारलं नाही.
तार, दात, रक्त,
कशाबद्दलच नाही.

बऱ्याच वेळानं तोच म्हणाला,
आर्नेकडे बघून,
"ड्रम बरोबर आहेत.
परत आलो तर दार लावून घेतलं होतं.
बाहेर एवढेच ऐकू येत होते."