पाचर

टेबलावरचा दिवा नको. त्या हिरव्या कापडाच्या उजेडात
सगळंच भारी दिसतं.
दारात ये. अशोक चौकातलं चार वाजताचं ऊन
कुणाची भीड ठेवत नाही.

अठरा हजार दिलेस म्हणतोस, पुण्याच्या माणसाला.
आत शिंपला आहे म्हणाला, काळं शिसवी,
सगळं हातानं बसवलेलं.
बरं. आण इकडं.

नखानं काही कळत नाही, ते सोड.
वर वार्निश इतकं जाड की नख
ओल्या फरशीवर घसरावं तसं घसरतं.
त्यापेक्षा फिरव. हळू, कांडी भरताना फिरते तितकं हळू नाही,
त्याहून हळू.
शिंपला असला तर ऊन आत शिरतं,
हिरवं होतं, गुलाबी होतं, मग कुठंतरी बुडतं.
हा बघ, कसाही धर,
मतदार यादीतल्या फोटोसारखा
एकाच तोंडानं बघालाय.

आणि ही टोकं. मुठीच्या वर, चार, काळी.
हातानं बसवणाऱ्याची चारही एका उंचीला येत नाहीत.
एखादं केसभर आखूड राहतं,
त्या घडीला बाहेरून कुणी हाक मारलेली असते
किंवा लाइट गेलेली असते.
तुझी चारही मोजून सारखी.
पट्टी लाव हवं तर.

माझा बाप जेकॉर्डवर होता, अक्कलकोट रोडला.
कुठल्याही दुकानात गेला की आधी चादर उलटी करायचा.
विणलेल्या मोराला पाठ असते, म्हणायचा,
पुढं तांबडा तर मागं पांढरा.
छापलेल्याला पाठच नसते.
दुकानदार वैतागायचे. मी लाजायचो.
क्यू उलटा कसा करणार? त्याची पाठ लाकडात.
म्हणून हे भिंग, घड्याळवाल्या मुल्लांचं.
लाव डोळ्याला. काय दिसालंय?
ठिपके.
निळे, पिवळे, एकमेकांना खेटून,
पेपरातल्या फोटोत असतात तसे.

गप का झालास बे?
परवा रेल्वेच्या पोरांना ह्यानंच हरवलंस ना.
चेंडूला काय माहीत, वर काय चिकटवलंय.
थांब, इथं कड सुटलीय.
पातं घालून बघतो. ओरडू नको,
तसाही सुटणारच होता पावसाळ्यापर्यंत.

अरे.

हे बघ. नाही, भिंगाशिवाय बघ.
स्टिकरच्या खाली लाकूड चिरलंय, जुनी चीर,
आणि चिरेत पाचर.
बोटाएवढी. रंग वेगळा, तपकिरी,
डावीकडं झुकलेली.

नरसय्या वस्ताद डावखुरा होता.
मिलमध्ये धोटे दुरुस्त करायचा.
मिल बंद झाली तेव्हा एक पोतं धोटे घेऊन आला घरी,
पगाराच्या बाकीत.
नंतर ह्याच बाकड्यावर बसून क्यू जोडायचा,
फट दिसली की धोट्याचं लाकूड तासून भरायचा,
तेलगूत स्वतःशीच काहीतरी पुटपुटत.
मला शिकवलं, पण झुकाव काही आला नाही मला,
माझी पाचर सरळ जाते. उजवा हात.

म्हणजे हा इथूनच गेला होता पुण्याला.
कुणीतरी लाजून वर शिंपला छापला,
आणि तू अठरा हजार मोजून
परत आणलास सोलापूरला.

अंगठा फिरव. जोड लागतो का हाताला?
नाही ना.
वार्निशनं नव्हे. ते तर आत्ता मी सोलून काढलं.

किती किमतीचं आहे विचारतोस.
बावीस रुपये घेतले असतील त्यानं.
तीस सांगितले असतील, गिऱ्हाइकानं घासाघीस केली असेल,
आणि वर चहा वस्तादनंच पाजला असेल.

आता बोल.
उरलेला स्टिकर काढू, का परत दाबून बसवू?
दोन्हीचे पैसे नाहीत.
चार वाजून गेले कधीच, ऊन पायरीवरनं उतरालंय,
आणि मी हे पातं धरून
तुझ्या तोंडाकडं बघत उभा आहे.