रेघवाली

हिंगण्याच्या एमआयडीसीत, टाकीमागच्या शेडमध्ये
आम्ही पितळी बुश बनवतो.
पंचवीस मिलिमीटर,
कमीजास्त चालतं ते केसाच्या पावभर जाडीइतकंच.
एप्रिलभर बुटीबोरीहून पोती परत येत होती:
बसत नाहीत. जाड आहेत.

मी नवी चेकर. दर तासाला पाच नग मोजायची,
ग्राफच्या कागदावर ठिपका द्यायची.
वर एक रेघ, खाली एक रेघ.
म्हणून सगळे मला रेघवाली म्हणत.

डोमाजी नंदनवार, लेथवर एकोणतीस वर्षं,
प्रत्येक ठिपक्याला चाक फिरवायचे.
ठिपका खाली, की हत्यार मागे.
ठिपका वर, की हत्यार पुढे.
मागच्या नगाची चूक पुढच्याच्या अंगावर,
आणि माझा कागद
पिसाळल्यासारखा वरखाली.

मी म्हटलं, काका, हजेरीपट आणा.
त्यांच्या सह्या. वर्षभराच्या.
एकही दुसरीसारखी नाही,
'न'ची शेपटी कधी लांब, कधी आखूड,
तरी कोणीही सांगेल, डोमाजीच.
"एवढी थरथर हाताची असतेच.
तिला दुरुस्त करायला गेलात
तर सही बिघडेल."
मग नऊ ऑगस्ट दाखवला:
सही रेघेवरून घसरून खालच्या नावावर पडलेली.
"मले ताप होता त्या दिवशी," ते म्हणाले.
"तेच. ताप शोधायचा, काका.
थरथरीला औषध नाही द्यायचं."

दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीत
ते स्टुलावर बसले, दोन्ही हात मांडीखाली दाबून.
शेडमधली पोरं हसली.
ठिपके रेघांच्या आत, इकडेतिकडे,
अंगणात बसलेल्या चिमण्यांसारखे.
बारा वाजले. एक वाजला.
बाहेर शेहेचाळीस डिग्री,
कूलरची खस करपल्यासारखी वासत होती.

अडीचला ठिपके खाली जाऊ लागले.
चाकाला कोणी हात लावला नव्हता.
डोमाजींचा एक हात मांडीखालून निघाला,
मी नुसतं पाहिलं,
परत गेला.

सकाळचा पहिला नग मी डब्यात ठेवला होता,
पोळीच्या फडक्यात गुंडाळून.
तोच काढला, तोच मोजला.
सकाळी बरोबर भरलेला, आता बारीक.

डोमाजी बराच वेळ गप्प.
"पितळ उन्हात आकसते काय वं?"
"नाही."
"मंग?"

मायक्रोमीटर पश्चिमेच्या खिडकीशी खिळ्याला लटकत असे.
दुपारी कलतं ऊन नेमकं त्याच्यावर.
हातात घेतला तर चटका बसला.
मापच फुगलेलं, म्हणून नग बारीक दिसत होता,
म्हणून आपण जाड करत होतो,
म्हणून बुटीबोरीची पोती.

साहेब भिंतीवर मोठा फलक लावणार होते,
चुका शून्य करा, असा काहीतरी.
आम्ही आतल्या भिंतीत एक खिळा ठोकला.

डोमाजी त्या दिवशी पहिल्यांदा वडिलांबद्दल बोलले.
पाचपावलीत हातमाग होता.
"सूत तुटलं की बाप पह्यले हात थांबवे.
मले वाटे, आळशी हाय.
तो आइकत राहे."

पोती कमी झाली, थांबली नाहीत.
जूनमध्ये रात्रपाळीच्या सुमेधने
मायक्रोमीटर पुन्हा खिडकीशी लटकवला;
तिथं उजेड चांगला, तो म्हणाला,
आणि खिळा होताच की.
खरंच. खिळा होताच.
त्याला काय रागवायचं?

मी पक्कड आणली. जुना खिळा उपटला.
आतल्या खिळ्यावर एक बल्ब मागून घेतला,
तीन अर्ज लागले.
खिडकीशेजारी भोक राहिलं.
डोमाजींनी ते साबणाने बुजवलं,
अंगठ्याने दाबून, पुन्हा दाबून,
दोन पावलं मागं सरकून पाहत.