काटा बारावर

कळव्याच्या कंट्रोल रूममध्ये एकतीस वर्षं
मी एकच आकडा राखला: पन्नास.
तो घसरू लागला की फोन उचलायचा
आणि कुणाचं तरी गाव अंधारात घालायचं.
गावाचा चेहरा आठवायचा नाही.

परवा दिव्याच्या बाजारात
बोंबील निवडता निवडता माझेच दिवे गेले.
पडताना वाटलं,
आज कुणीतरी माझं गाव निवडलं.

ऐरोलीत, दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर
डॉक्टर कारखानीस बाई गुलाबी चौकटींचा कागद उलगडतात.
"मढवी, हे छोटे उंचवटे बघा. मिनिटाला बहात्तर.
आणि हे मोठे सुळके, चौतीस.
दोघांचा एकमेकांशी संबंधच उरलेला नाही."

मी चष्मा पुसला.
लाइन ट्रिप झालीय, बाई.
वरचं स्टेशन शाबूत आहे, वेळेवर हाका देतंय.
खालचा भाग बेट होऊन
स्वतःच्या जनरेटरवर कण्हत चाललाय.

त्या हसल्या. मग पेनाने हृदय काढलं, बऱ्यापैकी वाकडं.
वर उजव्या कप्प्याच्या भिंतीत पेशींचा पुंजका,
कुणी न सांगता पेटणारा.
मध्ये एक गाठ. ती निरोप अडवते,
सेकंदाचा जेमतेम दहावा हिस्सा,
वरचे कप्पे खालच्यांत रिते होईतो.
मग खोड, फांद्या, केसांएवढे तंतू.

"अडवते? मुद्दाम?"
"मुद्दाम."

अख्ख्या नोकरीत मला तेवढं एकच नीट यायचं.
दोन बेटं जोडायची असली
की नव्या पोरांचे हात बटणावर शिवशिवायचे.
सिंक्रोस्कोपचा काटा गरगरतोय, हळू, अजून हळू.
थांब रे भोपी. बारावर येऊ दे.
भोपी एकदा थांबला नव्हता.
यार्डातला तो आवाज अजून दातांत आहे.

गुरुवारी गळपट्टीच्या हाडाखाली डबी बसवली.
तिच्या दोन तारा:
एक वर ऐकते,
दुसरी, ठरलेला क्षण थांबून, खाली सांगते.
बॅटरी दहा वर्षं, म्हणाले. वॉरंटीचा कागद कपाटात आहे,
फ्रिजच्या कागदावर.

रात्री खिडकीतून खारफुटीतले मनोरे दिसतात.
कुंदा माझं मनगट धरते,
भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ओठ हलवते,
छत्तीसला चुकते,
आणि पुन्हा एकपासून.