या गावाला बस जात नाही

टॉडमॉर्डनला माझं फ्रेमचं दुकान,
कालव्याच्या पुलापासून तिसरं दार.
येतात ते बहुधा लग्नाचे फोटो, पदव्या,
कुणाच्या तरी कुत्र्याचं जलरंगातलं तोंड.
मंगळवारी डेरेक ॲक्रॉइड आले,
रेनकोटच्या आत छातीशी धरून
पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमधला एक कागद.

जपानी. कुठल्याशा कार्टून मालिकेतला
पाठीमागचा देखावा.
पुढची माणसं वेगळ्या पारदर्शक कागदावर असायची,
ती कुठं गेली कोण जाणे.
उरली ही दुपार.
रेल्वेचं फाटक, उघडं.
विजेच्या तारा, इतक्या की मोजताना मी दोनदा चुकले.
कोल्ड्रिंकचं यंत्र, त्याचा दिवा भर उन्हात चालू,
आणि तो चालू आहे एवढंच दाखवायला
कुणीतरी अर्धा दिवस घातलेला.
गटाराच्या झाकणावर गंज.
टेकडीमागे ढग,
ताकावर लोणी यावं तसा वर आलेला.

"पडद्यावर किती वेळ दिसलं असेल हे?"
"चार सेकंद," ते म्हणाले. "मी मोजलेत."

सव्वीस वर्षं त्यांनी हॅलिफॅक्सची बस चालवली.
पहिली फेरी पहाटे पाचची.
थांबे अस्से दिसायचे, म्हणाले,
माणसं यायच्या आधी.
बाकावर दव, काचेवर कालची बोटं,
वेळापत्रक आपलं आपल्याशीच उजळलेलं.
मग कुणीतरी हात करायचं
आणि थांब्याचा पुन्हा थांबा व्हायचा.

हे गाव त्यांनी नकाशात शोधलं होतं.
विकणारा म्हणाला, उगाच दमू नका,
टेकडी एकीकडची, फाटक दुसरीकडचं,
ढग तर कुठलाच नाही.
"बरंच झालं. म्हणजे तिथं बस जात नाही,
उशीर झाला म्हणून कुणी माझ्यावर ओरडणार नाही."
हसले. मी माप घेतलं.

मिरजेला माझे मामा
फोटो स्टुडिओचे पडदे रंगवायचे.
तळं, कठडा, एक हंस,
वर कुठंतरी निघालेल्या पायऱ्या.
लोक पुढं उभे राहायचे, कोरे कपडे, ताठ माना,
आणि मी बाजूला स्टुलावर
वाट बघत, कधी ही मंडळी सरकतील
नि मला तळं दिसेल.
मामांनी एक कमळ अगदी मधोमध काढलं होतं,
जिथं नेहमी कुणाचं तरी पोट यायचं.
मी विचारलं, कशाला?
"रिकामं ठेवलं तर बाकीच्या तळ्याला कळतं."

रात्री दिव्याखाली कागद धरला.
फाटकाच्या अलीकडे, जिथं कुणीतरी उभं राहणार होतं,
खडी होती, नीट, एकेक खडा,
आणि खड्यांत
बाटलीचं एक बूच.

ढगात ब्रशचा एक केस अडकलेला.
चिमटा हातात घेतला,
परत ठेवला.

कडेला पिवळी पडलेली चिकटपट्टी,
पेन्सिलीचे आकडे, डावीकडे जाणारा बाण.
नियमाप्रमाणे हे सगळं पुठ्ठ्याखाली झाकायचं.
फोन केला. "झाकू नका," डेरेक म्हणाले,
"गाडीची डागडुजीची वहीसुद्धा गाडीतच असायची."

शनिवारी ते फ्रेम घेऊन गेले.
पंचेचाळीस पौंड, रोख, दहाच्या घड्या मोडून.
दार ढकलून डावीकडे वळले.
मागं राहिलं ते
मिठाची पिवळी पेटी, ओली दगडी भिंत,
चहाच्या दुकानाची उलटी पाटी,
तिच्यावर टेकडीवरून उतरलेलं थोडंसं ऊन.
रंगवायला बसलं तर आठवडा जाईल.
हॅलिफॅक्सची बस आली, थांब्यावर कुणी नव्हतं,
थांबली नाही.
मी चार सेकंद मोजले.
मग मोजायचं सोडून दिलं.

आत फोन वाजत होता,
कुणाच्या तरी कुत्र्याबद्दल.